परभणी जिल्ह्यातील घरगुती कागदी आरास : एका नाशवंत कलेचा इतिहास

प्रस्तावना :

कोणत्याही प्रदेशाचा सांस्कृतिक इतिहास लिहिताना टिकाऊ वस्तूंचा आधार प्रथम घेतला जातो. मंदिरे, शिलालेख, ताम्रपट, नाणी, पोथ्या ही साधने काळाच्या ओघात टिकून राहिली म्हणून त्यांचा अभ्यास झाला. परभणी जिल्ह्याचा विचार करता चारठाण्याची मंदिरे किंवा संत जनाबाईंचे गंगाखेड यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. याउलट ज्या वस्तू मुळातच एका सणापुरत्या घडविल्या जातात आणि सण संपताच विसर्जित होतात, फाडल्या जातात किंवा चुलीत जातात, त्यांना इतिहासात स्थान मिळत नाही. घरोघरी हाताने केली जाणारी कागदी आरास ही अशीच एक वस्तू आहे. पताका, झालरी, तोरणे, आकाशकंदील, गणपतीचे मखर, महालक्ष्मीपुढील सजावट या साऱ्यांचा आपल्या उत्सवजीवनात मोठा वाटा असूनही 'ही कला कोठून आली व कोणी जोपासली' हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर 'ही आपली प्राचीन परंपरा आहे' असे दिले जाते. हे उत्तर तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. सण प्राचीन असले तरी कागदी आरास प्राचीन नाही. तसेच ती कोणा एका समाजाची नसून या प्रदेशातील सर्व समाजांच्या सणांनी मिळून घडविलेली आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

अभ्यासाची व्याप्ती व साधने :

'परभणी जिल्हा' या संज्ञेची व्याप्ती काळानुसार बदलली आहे. दि. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९८१ मध्ये जालना जिल्हा निर्माण होताना परतूरचा भाग आणि दि. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा यातून वेगळा झाला. म्हणून येथे जुन्या जिल्ह्याचा एकत्रित विचार केला आहे व आवश्यक तेथे मराठवाड्याचा संदर्भ घेतला आहे. प्रत्यक्ष वस्तू उपलब्ध नसल्याने कागदाच्या उत्पादनाचा इतिहास, या कामातील शब्दसंपदा, सणांचे पंचांग आणि प्रशासकीय घटना ही चार अप्रत्यक्ष साधने वापरली आहेत.

कागद : दुर्मीळ वस्तूपासून घरगुती साहित्यापर्यंत :

मराठवाड्यात कागद नवा नव्हता. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दौलताबादला राजधानी हलविली, तेव्हा उत्तरेकडील कागद करणारे कारागीर येथे आले आणि दौलताबाद-खुलताबाद मार्गावरील कागजीपुरा वसला, अशी परंपरा सांगितली जाते. जुन्नर, नाशिक, एरंडोल, पुणे येथेही कागदी लोकांच्या वस्त्या होत्या. ताग, चिंध्या व जुने दोरखंड कुजवून, कुटून त्यांचा लगदा केला जाई. तो साच्यावर उचलून वाळविला जाई. त्यानंतर प्रत्येक तावास खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटावा लागे, कारण तसे न केल्यास शाई फुटे. एका तावामागील हे श्रम लक्षात घेतले, तर असा कागद मुख्यत्वे दप्तर, हिशेब, पोथ्या व पत्रव्यवहार यांसाठीच का वापरला जाई, हे स्पष्ट होते. केवळ शोभेसाठी कागद कातरून तो दहा दिवसांनी फेकून देणे सामान्य कुटुंबाला परवडणारे नव्हते. त्या काळातील घरगुती सजावट आंब्याचे डहाळे, झेंडूची फुले, केळीचे खांब, रांगोळी व कापडी पताका यांची होती.

हे चित्र यंत्रनिर्मित कागदाने बदलले. पुण्याजवळ मुंढवा येथील डेक्कन पेपर मिल १८८५ मध्ये स्थापन झाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गोदावरी खोऱ्यातून मनमाड-सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली व परभणी, पूर्णा, सेलू ही गावे बाहेरच्या बाजारपेठेशी जोडली गेली. पुढे १९३८ मध्ये हैदराबाद संस्थानातच सिरपूर येथे कागद गिरणी स्थापन झाली. ज्या गावाजवळ ती उभी राहिली त्याचे नावच 'कागजनगर' पडले. कागद स्वस्त झाला, रंगीत झाला आणि किराणा दुकानात मिळू लागला. घरगुती कागदी आरास या घटनेनंतरची आहे. तिचे वय शतक-सव्वाशे वर्षांपलीकडे नेण्यास सबळ आधार दिसत नाही.

येथे एक विरोधाभास नोंदविला पाहिजे. ज्या यंत्रकागदाने कागजीपुऱ्यासारख्या वस्त्यांचा व्यवसाय खालावला, त्याच कागदाने घराघरांत एक नवी हस्तकला निर्माण केली. हातकागदाचा पुनरुद्धार करण्यासाठी १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. परंतु तिचा कागद प्रामुख्याने लेखन व कार्यालयीन उपयोगासाठी होता. सणाची आरास मात्र गिरणीच्या स्वस्त कागदावरच वाढली.

शब्दांची साक्ष :

या कामात आजही वापरले जाणारे शब्द त्याचा इतिहास सांगतात. 'कागद' हा शब्द फारसीतून आला. 'कंदील' हा शब्द अरबी-फारसीमार्गे मराठीत आला असून त्याचे मूळ लॅटिन भाषेतील 'कँडेला' या शब्दापर्यंत पोहोचते. 'पताका' व 'तोरण' हे शब्द संस्कृत आहेत. 'आकाशकंदील' या एकाच सामासिक शब्दात संस्कृत 'आकाश' व अरबी 'कंदील' एकत्र नांदतात. धर्मग्रंथांत कार्तिक महिन्यात उंच खांबावर लावण्याच्या 'आकाशदीपा'चा उल्लेख येतो. त्या दिव्याभोवती बांबूच्या कामट्यांचा सांगाडा व त्यावर रंगीत कागद आला तेव्हा त्याचे नावही बदलले. म्हणजे विधी जुना, वस्तू नवी व नाव दोहोंचे मिश्रण, असा हा क्रम आहे.

याहूनही बोलका शब्द म्हणजे 'घोटीव कागद'. शाळकरी मुले एका बाजूने रंगीत व चकचकीत असलेल्या कागदास हे नाव देतात. हा कागद यंत्रावर तयार होतो, त्यास कोणी दगडाने घोटत नाही. तथापि कागद्यांच्या घोटण्याच्या क्रियेची स्मृती या नावात टिकून आहे. 'खळ' या शब्दाचेही तसेच आहे. कागदी लोक जी खळ तावास लावीत, तिचीच घरगुती बहीण म्हणजे पताका चिकटविण्यासाठी गव्हाच्या किंवा मैद्याच्या पिठाची शिजविलेली खळ. बाटलीतील डिंक आल्यानंतरही जुन्या पिढीतील स्त्रियांचा भरवसा खळीवरच राहिला, कारण ती घरच्या पिठाची, विनामूल्य व पातळ पतंगी कागदाला न सुरकुतविणारी होती. 'जिलेटीन' म्हणून ओळखला जाणारा पारदर्शक कागद हा तर खऱ्या अर्थाने कागदच नव्हे; परंतु बाजाराने त्याला कागदाच्या कुटुंबात सामावून घेतले.

सणांची सामाईक पेठ :

मराठवाड्यात या कलेच्या तंत्राचा शोध घेताना एकाच सणाकडे पाहून चालत नाही. कामट्यांचा सांगाडा बांधणे, त्यावर पातळ रंगीत कागद ताणून चिकटविणे, कातरून जाळी पाडणे व कडेला झिरमिळ्या सोडणे हे आकाशकंदिलाचे तंत्र आहे. मोहरमच्या ताबुताचे तंत्रही नेमके हेच आहे. मराठवाड्यातील अनेक गावांत मोहरमच्या सवाऱ्यांमध्ये हिंदू कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या सहभागी होत आली आहेत. ताबूत पाहणारे व त्यास हात लावणारे डोळे आणि हात पुढे मखर बांधताना ते कौशल्य विसरले असतील, असे मानणे कठीण आहे. कोणी कोणाचे अनुकरण केले हा वाद येथे गौण आहे. दोन्ही वस्तूंसाठी लागणारा बांबू, कागद व बेगड एकाच आठवडी बाजारातून येत होती, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

बेगडीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मूळचा धातूचा पातळ वर्ख व पुढे त्यासारखा चकचकीत कागद असलेली ही बेगड पोळ्याला बैलाच्या शिंगांना लागते, लग्नात नवरदेवाच्या बाशिंगाला लागते, ताबुताला लागते आणि महालक्ष्मीच्या आरासलाही लागते. परभणीसारख्या कृषिप्रधान जिल्ह्यात पोळ्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पोळ्यानंतर चारच दिवसांनी गणेशचतुर्थी व त्यामागोमाग ज्येष्ठा-गौरी, म्हणजे मराठवाड्याच्या बोलीत 'महालक्ष्म्या', येतात. पोळ्याच्या उरलेल्या बेगडीची फुले मखराला लागावीत, हे घरखर्चाच्या काटकसरीला धरूनच आहे.

पंचांगही हीच साक्ष देते. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने मोहरम साधारणतः ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. १९८६ मध्ये मोहरमचा दहावा दिवस व अनंत चतुर्दशी अवघ्या दोन-तीन दिवसांच्या अंतराने आली होती. २०१८, २०१९ व २०२० या सलग तीन वर्षी हेच घडले. अशा वर्षी प्रशासनाला मिरवणुकीच्या बंदोबस्ताची चिंता असते, म्हणून शासकीय कागदपत्रांत या योगाची नोंद 'तणाव' या सदरात होते. कागद विकणाऱ्या दुकानदाराच्या दृष्टीने मात्र ते दुप्पट मागणीचे वर्ष असते. इतिहासकाराने केवळ बंदोबस्ताची कागदपत्रे वाचली तर त्याला दोन समाजांतील अंतर दिसेल. दुकानाची उधारवही वाचली तर एकाच तावातून कातरलेले दोन सण दिसतील.

पताका : देवघरापासून राष्ट्रापर्यंत :

कागदी पताकेला या जिल्ह्यात राजकीय इतिहासही आहे. निजामी राजवटीत सभा-संमेलनांवर कडक निर्बंध होते. त्यामुळे उत्सव व मेळे यांना जागृतीच्या कार्यात महत्त्व आले. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये तत्कालीन परभणी जिल्ह्यातील परतूर येथे भरले. उर्वरित देशाने १५ ऑगस्ट १९४७ रोजी तिरंगी पताका लावल्या, तेव्हा हैदराबाद संस्थानात भारतीय संघराज्याचा ध्वज फडकविणे हा अपराध मानला जात होता. म्हणून मराठवाड्यातील जनतेला मोकळेपणाने साजरा करता आलेला पहिला १५ ऑगस्ट हा १९४९ चा होय. शाळेच्या आवारात दोरीला खळीने चिकटविलेल्या तिरंगी पताका येथे उर्वरित महाराष्ट्राच्या तुलनेत उशिरा आल्या व म्हणूनच त्यांचा अर्थ अधिक गहिरा होता. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर १४ एप्रिलच्या निळ्या पताकांनी वस्त्यावस्त्यांतून या परंपरेत आणखी एक रंग मिसळला. जे समूह मंदिराच्या आरासपासून दूर ठेवले गेले होते, त्यांनी तेच साधन घेऊन स्वतःचा उत्सव उभा केला, ही सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय घटना आहे.

करणारे हात :

या कलेचे कर्ते कोण, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत दुर्लक्षित आहे. बाशिंगे किंवा ताबूत करणाऱ्या कारागिरांची नोंद 'व्यवसाय' म्हणून होऊ शकते. परंतु घरातील आरास प्रामुख्याने स्त्रिया व मुलांनी केली. जनगणनेत अथवा गॅझेटिअरच्या व्यवसायविषयक प्रकरणात या विनामोबदला श्रमाला रकाना नाही. कागदाची घडी घालून एकाच कातरणीत आठ पाकळ्यांचे फूल काढणाऱ्या निरक्षर स्त्रीला सममितीचे प्रत्यक्ष ज्ञान होते. टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये मद्रास येथून प्रसिद्ध केलेल्या कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणाऱ्या ग्रंथाची जगाने दखल घेतली; घरातील त्याच ज्ञानाला मात्र 'बायकांची हौस' म्हटले गेले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केल्यानंतर कागदकाम शाळेत आले खरे. पण ते गुणांपुरते राहिले आणि घरातील आजी व वर्गातील तास यांची गाठ फारशी पडली नाही.

थर्माकोल, बंदी व पुनरागमन :

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तयार थर्माकोलच्या मखरांनी कागदाला बाजूला सारले. महाराष्ट्र शासनाने दि. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेद्वारे प्लॅस्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली. त्या वर्षी गणेशोत्सवातील मखरांसाठी सवलत मिळावी ही विक्रेत्यांची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केली नाही. परिणामी कागद पुन्हा बाजारात आला. परंतु परत आला तो बहुतांशी यंत्रावर कापलेला, घडी उलगडून लावावयाचा तयार कागद. साहित्य परतले, कौशल्य परतलेच असे नाही. शिवाय चकचकीत दिसणाऱ्या पुष्कळ 'कागदां'वर प्लॅस्टिकचा थर असतो, हे पर्यावरणाच्या नावाने कागदाचा पुरस्कार करताना विसरता येत नाही.

निष्कर्ष :

१. परभणी जिल्ह्यातील घरगुती कागदी आरास ही प्राचीन नसून यंत्रनिर्मित स्वस्त कागद, रेल्वे व आठवडी बाजार यांतून विसाव्या शतकात रुजलेली कला आहे.

२. आकाशकंदील, ताबूत, मखर, बाशिंग व पोळ्याचा साज यांचे साहित्य आणि तंत्र सामाईक आहे. त्यामुळे या कलेवर कोणा एका समाजाची मालकी सांगता येत नाही.

३. तिरंगी व निळ्या पताकांनी या घरगुती कौशल्यास राजकीय व सामाजिक आशय दिला.

४. स्त्रिया व मुले हे या कलेचे प्रमुख कर्ते असूनही अधिकृत नोंदींच्या रचनेमुळेच ते अदृश्य राहिले.

समारोप :

खळ शिजवून, कामट्या तासून आरास करणारी पिढी आज वार्धक्यात आहे. त्यांच्या वस्तू संग्रहालयात ठेवता येणार नाहीत, कारण त्या कधीच उरत नव्हत्या. उरते ती केवळ करण्याची रीत, आणि तीही हातांबरोबर जाते. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी, समाजशास्त्र व गृहविज्ञान विभागांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावातील अशा रीतींची, शब्दांची व जुन्या दुकानांतील वह्यांची नोंद करून घेतल्यास फारसा खर्च येणार नाही. प्रकल्पलेखनासाठी विद्यार्थी नेहमीच विषय शोधत असतात. त्यांच्या घरातील आजी-आजोबा हेच त्यांचे पहिले दप्तर ठरू शकते. हे काम आणखी वीस वर्षांनी करू म्हटले, तर त्या वेळी विचारावयास कोणी उरलेले नसेल.