अध्यापकपद आणि संशोधन : वऱ्हाडातील एका संबंधाचा उलटलेला क्रम

मंगरूळपीर तालुका १९०५ पर्यंत बासीम जिल्ह्यात होता, पुढे तो अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ रोजी नव्या वाशीम जिल्ह्यात आला. त्याचे विद्यापीठही असेच बदलत गेले : १९२३ मध्ये नागपूर, १९८३ मध्ये अमरावती. विद्यापीठ जवळ आले म्हणजे तेथील अध्यापनाची व संशोधनाची संधीही जवळ आली, असे सहसा गृहीत धरले जाते. इतिहास या गृहीताला पुष्टी देत नाही.

शेजारच्या वाशीमचा ताम्रपट १९३९ मध्ये उजेडात आला आणि वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेच्या अभ्यासाला निश्चित आधार मिळाला. त्याचे वाचन विद्वानांपुढे मांडणाऱ्यांत य. खु. देशपांडे होते. ते यवतमाळचे वकील; महानुभाव वाङ्मयाचा शोध आणि शारदाश्रमाचे कार्य त्यांनी विद्यापीठीय पदाविना केले. याच ताम्रपटाचा पुढे साक्षेपी अभ्यास करणारे वा. वि. मिराशी मात्र नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक होते. पद असणारा आणि नसणारा, दोघेही एकाच साधनासमोर अभ्यासक म्हणूनच उभे होते. पदामुळे संशोधनाला स्थैर्य व ग्रंथालय लाभे. संशोधनाचा अधिकार मात्र पदातून येत नसे.

हा संबंध पुढे उलटला. १९८९ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षा आणि १९९५ पासून महाराष्ट्रात राज्य पात्रता परीक्षा सुरू झाली. संस्थाचालकांच्या मर्जीवर चालणाऱ्या नेमणुकांना त्यामुळे काही आळा बसला. ज्यांच्यामागे ओळखीचे बळ नव्हते अशा ग्रामीण उमेदवारांना एक सार्वजनिक निकष मिळाला, हे नाकारता येत नाही. परंतु निकषाबरोबर संशोधनाचे प्रयोजनही पालटले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी विद्यापीठ विभागांतील साहाय्यक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य ठरवली, अंमलबजावणी लांबत गेली आणि २०२३ मध्ये ती अटच ऐच्छिक झाली. जो प्रबंध जिज्ञासेचे फलित असावा, तो अर्जासोबत जोडावयाचा कागद ठरला. आणि अट शिथिल होताच त्याचे ते मोलही डळमळले.

अर्थात दोष उमेदवारांचा नव्हे. पात्रता मिळवूनही तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला मानधन शिकवलेल्या तासांचे मिळते. हस्तलिखितांच्या शोधात घालवलेला दिवस त्या हिशेबात बसत नाही. देशपांड्यांना पद नव्हते, पण वकिलीचा आधार होता. आजच्या पात्रताधारकाला पदाची केवळ आशा असते आणि त्या आशेपायी दुसरा व्यवसायही धड उभा राहत नाही.

म्हणून वऱ्हाडातील संशोधनाचा विचार करताना विद्यापीठ किती जवळ आले, एवढेच मोजून भागणार नाही. साधने पूर्वीही जवळच होती. वाशीम मंगरूळपीरपासून दूर नाही. प्रश्न आहे तो त्या साधनांसमोर निश्चिंतपणे बसू शकणाऱ्या अभ्यासकाचा, आणि त्याला ती निश्चिंतता देणाऱ्या पदाचा.