हाली रुपया, कलदार कविता

निर्मल म्हटलं की लोकांना खेळणी आठवतात. पोनकीच्या हलक्या लाकडाची फळं, पक्षी, आणि काळ्या पाटीवर सोनेरी रंगात काढलेली चित्रं. इथून कुणी मराठी कविता टपालात टाकत असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी येत नाही. माझे आजोबा टाकत असत. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. तहसिलीत पेशकार होते. दिवसभर कचेरीत उर्दू, बाजारात तेलुगू, आणि रात्री जेवणं झाली की कंदिलापुढं मराठी. आत्या सांगते, लिहिण्याचा त्रास अण्णांना कधीच झाला नाही. त्रास व्हायचा तो पाठवण्याचा.

मासिकाला कविता पाठवताना सोबत परतीचं तिकीट जोडायचं, हा शिरस्ता. पण निर्मल तेव्हा निझामाच्या हैदराबाद संस्थानात. निझामाचं टपाल वेगळं, त्याची तिकिटं वेगळी आणि ती संस्थानापुरतीच. पुण्या-मुंबईच्या संपादकानं कविता परत करायची तर पाकिटावर इंग्रजांचं तिकीट हवं, आणि इंग्रजांचं टपाल होतं सिकंदराबादेला. मग कोर्टाच्या कामानं हैदराबादला निघालेल्या एखाद्या वकिलाच्या हाती पैसे द्यायचे. "तिकिटं आणा," म्हटलं की वकील विचारी, "कशाला?" अण्णा म्हणत, "मुलाच्या स्थळासाठी पत्रव्यवहार चाललाय." मुलगा, म्हणजे माझे काका, तेव्हा पाच वर्षांचे.

पैशांचीही तीच तऱ्हा. पगार निझामाच्या हाली रुपयांत, मासिकाची वर्गणी इंग्रजांच्या कलदारमध्ये. शंभर कलदार रुपयांना हाली ११६ रुपये १० आणे ८ पै मोजावे लागत. आपली कविता मराठीत जायची तर आधी वटाव द्यावा लागतो, असं अण्णा म्हणायचे म्हणे. आजीला हा विनोद कधीच आवडला नाही. वटाव घरखर्चातून जायचा.

त्यांची एक वही माझ्याकडे आहे. कवितांची नव्हे, कवितांच्या जावक-आवकेची. पेशकाराचा हात तो. कवितेलाही त्यांनी तहसिलीचाच रकाना लावला. अनुक्रमांक, कवितेचं नाव, कुठं रवाना, तारीख, शेरा. नावं मराठीत, तारखा फसली सालाच्या. १३५३ वाचलं की त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे इसवी सन १९४३-४४ येतं. शेऱ्याच्या रकान्यात उर्दू लिपीत एकच शब्द पानामागून पान उतरत गेलाय: वापस. तिथं 'साभार परत' लिहिलं असतं तर कचेरीतल्या कुणाच्याही लक्षात आलं असतं की हे सरकारी काम नव्हे. आत्याचं मत मात्र निराळं. ती म्हणते, उर्दूत लिहिलं की आजीला वाचता येत नसे, एवढंच.

लपवण्याला तसं कारणही होतं. जाहीर सभेला आधी परवानगी लागे. त्या हुकमाचं, गश्ती नंबर ५३ चं, नाव मोगलाईत, म्हणजे निझामाच्या राज्यात, वाढलेले म्हातारे पुढंही घेत. आ. कृ. वाघमाऱ्यांचं 'मराठवाडा' साप्ताहिक १९३८ पासून पुण्यातून निघे, कारण ते संस्थानात निघणं शक्य नव्हतं. बंदी आली की नाव बदलून पुन्हा निघे. अशा दिवसांत पुण्याच्या शिक्क्याची पाकिटं वरचेवर येणाऱ्या पेशकाराकडं तहसीलदार जरा निरखून पाही. आत कृष्णकमळावरच्या चार ओळी आहेत, हे त्याला कसं पटवणार?

अण्णांचा आधार होता तो दोन समकालीनांचा. दोघंही १९१३ चे, दोघंही संस्थानातलेच, दोघांनाही पोटासाठी सरकारी नोकरीत राहावं लागलं. वा. रा. कांत नांदेडचे. आधी हैदराबादला शेतकी खात्यात आणि १९४५ पासून रेडिओवर. बी. रघुनाथ परभणीकडचे, बांधकाम खात्यात कारकून. आधी ते 'फुलारी' या नावानं कविता लिहीत. 'आलाप आणि विलाप' हा त्यांचा संग्रह १९४१ चा. अण्णांनी तो दोन महिने उसना ठेवला आणि वहीत उतरवून काढला. बी. रघुनाथ ७ सप्टेंबर १९५३ ला कचेरीत काम करता करताच गेले, वय अवघं चाळीस. ती बातमी निर्मलला पोचल्यावर अण्णा त्या दिवशी तहसिलीत गेले नाहीत. आत्याच्या आठवणीत त्यांची दांडी तेवढी एकच.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मराठी कवितेला पुण्या-मुंबईचंच वेड होतं असं नाही. निव्वळ कवितेला वाहिलेलं 'काव्यरत्नावली' नारायण नरसिंह फडणीस १८८७ पासून चालवत होते ते जळगावात. १९४३ मध्ये 'अभिरुचि' निघालं ते बडोद्याला. म्हणजे आडगावी बसून मासिक काढता येत होतं. मासिकात यायला मात्र टपालाच्या वाटेवर असावं लागे. निर्मलला रेल्वे नाही, तेव्हाही नव्हती. बासरला सरस्वतीच्या पायाशी लोक लेकरांना अक्षर गिरवायला नेतात, तिथं गाडी थांबते. निर्मलची अक्षरं भैंशामार्गे तिथवर न्यायची.

अण्णांचे एक तेलुगू मास्तर मित्र होते. ते त्यांना सारखे डिवचत. तेलंगणात कवी नाहीतच, असं कुणीतरी लिहिलं, तेव्हा 'गोलकोंडा' पत्रिकेच्या सुरवरम प्रतापरेड्डींनी वाद घालत न बसता १९३४ साली 'गोलकोंडा कवुल संचिका' छापली. तेलंगणातले ३५४ कवी एका पुस्तकात. मास्तर ती संचिका अण्णांपुढं ठेवून म्हणायचे, "आमचे साडेतीनशे. तुमचे मोजा." अण्णा नांदेडपासून सुरू करीत, परभणी घेत, हैदराबादला पोचत आणि चहा मागवीत. मोगलाईतल्या मराठी कवींची अशी संचिका तेव्हाच व्हायला हवी होती, असं मला फार वाटतं. पुढं प्रबंध झाले, इतिहास झाले. पण जावक रजिस्टरातले कवी इतिहासात येत नसतात.

१९४८ चा सप्टेंबर आला. निझामाची राजवट गेली, १९५० मध्ये त्याचं टपालही गेलं. अण्णांना वाटलं, आता वाट मोकळी झाली. आणि १९५६ मध्ये नकाशाच हलला. किनवट आदिलाबादेतून निघून नांदेडला गेलं, मुधोळ नांदेडमधून निघून आदिलाबादेत आलं. सोयरे इकडचे तिकडं झाले. निर्मल आंध्रात गेलं. मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान' १९५३ पासून निघू लागलं होतं, मराठवाड्यातल्या लिहित्या हातांना हक्काचं अंगण मिळालं होतं. पण निर्मल मराठवाड्यात कुठं होतं? हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेनं पुढं 'पंचधारा' त्रैमासिक काढलं, तेव्हा अण्णांनी लगेच वर्गणी भरली. आंध्रात राहून मराठी लिहिणाऱ्यांचं म्हणावं असं ते एकच घर होतं.

त्यांची कविता छापून आली ती मात्र निराळ्याच ठिकाणी, एका दिवाळी अंकात. आत्यानं ती मला दाखवली. एका कथेचा शेवट पानाच्या मध्यावर आलाय, खाली चार बोटं जागा उरली, तिथं कविता बसवलीय. पानपूरक. कविता पाच कडव्यांची, जागा चारांची. पाचवं कडवं गेलं, आणि कवितेतला सगळा अर्थ त्या पाचव्या कडव्यात होता. खाली नाव आणि कंसात 'निर्मल, आंध्र प्रदेश'. अंक घरी आला तेव्हा अण्णांनी बोरूनं बारीक अक्षरात ते कडवं समासात लिहून घेतलं. मग अंक तेलुगू मास्तरांना दाखवायला नेला. मास्तरांना मराठी येत नव्हतं. त्यांनी समासासकट सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा मोजा एक."

पुढच्या अंकात एका वाचकाचं पत्र आलं. आंध्रातल्या गृहस्थांचं मराठी कौतुकास्पद आहे, असा त्याचा आशय. अण्णांना एवढा राग कुठल्या 'वापस'चा आला नव्हता. त्यांनी उत्तर लिहिलं, रजिस्टरात त्याची नोंदही केली. शेऱ्याचा रकाना कोरा आहे.

कवींनी मानधनाची अपेक्षा ठेवू नये असं मानणारा तो काळ होता. मला तो मुळीच थोर वाटत नाही. कथेला पैसे, कवितेला अंकाची प्रत. आणि प्रतही पुष्कळदा स्वतःच विकत घ्यायची. चांगले संपादक होते. 'सत्यकथे'त श्री. पु. भागवत, राम पटवर्धन हस्तलिखितावर जीव ओतून चर्चा करीत, हे खरं. पण ती चर्चा आपल्या वाट्याला येईल, या आशेवर किती कवींनी किती तिकिटं लावली, याचा हिशेब कोण्या जावक वहीतच सापडेल.

मीही कविता लिहिते. युनिकोडमध्ये टाइप करते, ईमेलनं पाठवते, क्षणात जाते. बहुतेक मासिकांच्या सूचनेत हल्ली एक ओळ असते: तीन महिन्यांत कळवलं नाही तर कविता स्वीकारली नाही असं समजावं. परवा आत्याला हे समजावून सांगत होते. तिनं नीट ऐकलं.

"म्हणजे नाही म्हणायलासुद्धा तिकीट लागत नाही आता?"

"नाही."

"मग तर नाहीच म्हणतील की गं."