रानडुकराची शिकार, यूरोपातील

यूरोपातील ओक व बीचच्या जंगलांत प्राचीन काळापासून चालत आलेली शिकार. एके काळी ती राजेरजवाड्यांच्या मर्दुमकीची कसोटी होती. आज ती छंद म्हणून टिकून असली, तरी पिकांची नासाडी, डुकरांचे साथरोग व रानडुकरांची वाढती संख्या आटोक्यात ठेवण्याचा उपाय म्हणून तिला अधिक महत्त्व आले आहे.

प्राणी : रानडुक्कर (शास्त्रीय नाव सुस स्क्रोफा) हे पाळीव डुकराचे पूर्वज होय. पश्चिम व मध्य यूरोपात पूर्ण वाढलेला नर साधारणतः ७५ ते १०० किग्रॅ. भरतो, पूर्वेकडे कार्पेथियन पर्वतभागात याहून बरेच जड नर आढळतात. माद्या पिल्लांसह कळपाने राहतात, तर वयात आलेला नर बहुधा एकटा फिरतो. गर्भावधी सुमारे ११५ दिवसांचा असून एका वेताला ४ ते ६ पट्टेदार पिल्ले होतात. नजर अधू असली, तरी नाक व कान फार तीक्ष्ण असल्याने शिकाऱ्याला वाऱ्याची दिशा पाहूनच जागा धरावी लागते. नराचे वरचे व खालचे सुळे एकमेकांवर घासून धारदार राहतात. जखमी नर उलटला, तर कुत्र्याचे पोट किंवा माणसाची मांडी फाडू शकतो.

इतिहास : ग्रीक पुराणकथांत मेलिएगर व अटलांटा यांनी केलेली कॅलिडॉनच्या रानडुकराची शिकार प्रसिद्ध आहे. इ. स. पू. चौथ्या शतकात झेनोफनच्या नावावरील मृगयाविषयक ग्रंथात वाघुरी, भाले व कुत्रे यांच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या शिकारीचे वर्णन असून, त्यासाठी योग्य कुत्र्यांत क्रीट व लॅकोनिया येथील जातींबरोबर भारतीय कुत्र्यांचाही उल्लेख आहे. रोममधील कॉन्स्टंटाइनच्या कमानीवर सम्राट हेड्रियनच्या रानडुक्कर-शिकारीचे शिल्प पाहावयास मिळते. मध्ययुगीन भाल्याच्या पात्याखाली आडवी दांडी बसवीत. कारण पाते आरपार गेले, तरी डुक्कर दांड्यावरून पुढे रेटत शिकाऱ्याला गाठत असे. फ्वाचा सरदार गास्ताँ फेब्यूस याने १३८७ मध्ये लिहावयास घेतलेला शिकारग्रंथ या काळाचे महत्त्वाचे साधन आहे. मोठ्या शिकारीचा हक्क बहुतेक ठिकाणी उमरावांकडे असे. शेत उकरणारे डुक्कर मारण्याची शेतकऱ्याला मुभा नसे. फ्रान्समध्ये १७८९ च्या, तर जर्मन राज्यांत १८४८ च्या क्रांतीने हा विशेषाधिकार संपुष्टात आणला. ब्रिटनमधून मात्र हा प्राणी मध्ययुगातच नाहीसा झाला होता. तेथील सध्याचे कळप विसाव्या शतकाच्या अखेरीस बंदिस्त पैदाशीतून निसटलेल्या वा सोडलेल्या जनावरांपासून वाढले.

पद्धती : मचाणावरून टेहळणी व हाका या दोन मुख्य पद्धती होत. जर्मनीत शेताच्या कडेला किंवा जंगलातील मोकळ्या जागी लाकडी मचाण बांधून सांजवेळी वा चांदण्या रात्री दबा धरतात. हाक्यात बंदूकधारी ठरावीक जागी उभे राहतात आणि हाकारे व कुत्रे झाडीतून जनावरे उठवितात. फ्रान्समधील बात्यू, कुत्र्यांचे मोठे ताफे सोडून होणारी स्पेनमधील मोंतेरिया व मध्य इटलीतील ब्राकाता हे याचेच प्रकार. गोळी चुकली तरी जमिनीत रुतेल अशा बेताने खालच्या दिशेने झाडणे, हा सुरक्षिततेचा पहिला नियम मानला जातो. ओळख पटावी म्हणून भडक नारिंगी पोशाख घालतात. जर्मनीत परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. तेथे रानडुकरासाठी किमान ६.५ मिमी. व्यासाची आणि १०० मी. अंतरावर किमान २,००० जूल ऊर्जा असलेली गोळी सक्तीची आहे. परावलंबी पिल्लांच्या आईला मारण्यास मनाई आहे. जखमी जनावराचा रक्ताच्या वासावरून माग काढण्यासाठी खास कुत्रे तयार केलेले असतात.

संख्यावाढ : सौम्य हिवाळे, मक्याची वाढती लागवड आणि ओक-बीचच्या फळांचा वारंवार येणारा बहर यांमुळे गेल्या अर्धशतकात रानडुकरे झपाट्याने वाढली. जर्मनीत २०१९-२० च्या हंगामात ८ लाख ८० हजारांहून अधिक रानडुकरे मारली गेली. एवढ्याने वाढ थांबतेच असे नाही. शिकारीचा ताण मोठा असलेल्या फ्रान्समधील शातोव्हिलँच्या जंगलात विणीचा काळ वर्षात लवकर सरकल्याचे अभ्यासकांना आढळले.

रोग व मांस : आफ्रिकी डुक्करज्वर २०१४ मध्ये लिथुएनिया, पोलंड, लॅटव्हिया व एस्टोनियात आणि २०२० मध्ये जर्मनीत पोहोचला. तो माणसाला होत नाही. पण पाळीव डुकरांना बहुधा जीवघेणा ठरतो. त्याला अटकाव म्हणून डेन्मार्कने जर्मन सरहद्दीवर सुमारे ७० किमी. लांबीचे कुंपण २०१९ मध्ये पूर्ण केले. मांस विकण्यापूर्वी त्यात ट्रिकिनेला कृमी नाहीत ना, हे तपासणे बंधनकारक आहे. बव्हेरियात चेर्नोबिल दुर्घटनेनंतर सीझियम-१३७ चीही तपासणी होते. किलोमागे ६०० बेक्वेरेलपेक्षा अधिक किरणोत्सर्ग असलेले मांस विकता येत नाही. जमिनीखालील बुरशीची फळे उकरून खाण्याच्या सवयीमुळे हे द्रव्य रानडुकरांच्या शरीरात साठते.

शिकारीला असलेला विरोध यूरोपात जुना आहे. स्वित्झर्लंडच्या जिनीव्हा प्रांताने १९७४ मध्ये जनमत घेऊन हौशी शिकारीवर बंदी घातली. तरीही तेथे पिकांच्या रक्षणासाठी शासकीय रक्षकांना रानडुकरे मारावी लागतात.