डोंगरातला बेभरवशाचा वसंत

पंचांगात वसंताचे आगमन ठरलेले असते. हिमालयातील खेड्यांत मात्र तो कधी महिनाभर आधीच डोकावतो, तर कधी येऊन स्थिरावल्यासारखा वाटत असतानाच हिवाळा माघारी फिरतो. पर्यटकाला याचे अप्रूप वाटते. फळबागेवर वर्ष काढणाऱ्या कुटुंबासाठी तो पोटापाण्याचा प्रश्न असतो.

सण आणि फुले

उत्तराखंडच्या कुमाऊँ व गढवाल भागांत सौर चैत्राच्या पहिल्या दिवशी, १४ मार्चच्या सुमारास, ‘फूलदेई’ साजरी होते. मुले सकाळीच बुरांस, प्योंली आदी रानफुले गोळा करून गावातील घरांच्या उंबरठ्यांवर वाहतात. घरधनीण त्यांना तांदूळ, गूळ आणि पैसे देते. बुरांस हा उत्तराखंडचा राज्यवृक्ष. तो एरवी मार्च-एप्रिलमध्ये लाल फुलांनी भरून जातो. अलीकडे मात्र काही वर्षी तो जानेवारी-फेब्रुवारीतच फुललेला आढळला आहे. अशा वर्षी सणाची तारीख तीच राहते. फुलांचा बहर मात्र ओसरू लागलेला असतो.

थंडीचा हिशेब

शेजारच्या हिमाचल प्रदेशात हीच अनिश्चितता सफरचंदाच्या मुळावर येते. हिवाळ्यात पाने गाळून झाड सुप्तावस्थेत जाते. पारंपरिक ‘डेलिशस’ जातींना या काळात सुमारे ७ अंश सेल्सिअसखालील साधारण १,००० ते १,२०० तासांची थंडी लागते. ती अपुरी पडल्यास कळ्या मागेपुढे फुटतात. परागीकरणासाठी वेगवेगळ्या जाती एकाच वेळी फुलाव्या लागत असल्याने मग फळधारणा घटते. थंडी पुरेशी मिळाली, पण फेब्रुवारी तापला, तर बहर लवकर येतो आणि पुढच्या गारठ्यात सापडतो. पूर्ण उमललेले फूल उणे २ अंशांच्या आसपासच करपू लागते. एप्रिल २०२१मध्ये शिमला परिसरात ऐन बहरात बर्फ पडून बागांची मोठी हानी झाली होती.

लहरीपणाचे कारण

या भागात हिवाळी बर्फ आणतात ते भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात. त्यांची संख्या, वेळ आणि तीव्रता दरवर्षी बदलते. त्यामुळे जानेवारी कोरडा जाऊन एप्रिलमध्ये बर्फ पडू शकतो. त्यात तापमानवाढीची भर पडली आहे. देशातील सरासरी कमाल तापमानाचा विचार करता फेब्रुवारी २०२३ हा १९०१पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला.

उपाय आणि मर्यादा

थंडीच्या शोधात सफरचंदाची लागवड किन्नौर, लाहौल-स्पितीसारख्या अधिक उंच भागांकडे सरकली आहे. खालच्या पट्ट्यात कमी थंडीत येणाऱ्या जाती लावल्या जात आहेत. त्यांपैकी ‘एचआरएमएन-९९’ ही जात बिलासपूर जिल्ह्यातील शेतकरी हरिमन शर्मा यांनी विकसित केली. त्यांना २०२५मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गारठ्याच्या रात्री बागेत धूर करण्याची जुनी पद्धतही आहे. बर्फापुढे मात्र तिचा निभाव लागत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. गहू-मटार यंदा बुडाले, तर पुढच्या हंगामात पीक बदलता येते. सफरचंदाच्या पारंपरिक झाडाला फळ धरायलाच सात-आठ वर्षे लागतात. आज कोणती जात लावायची, हे ठरवताना बागायतदाराला दशकभरानंतरच्या वसंताचा अंदाज बांधावा लागतो.