तीनशे एकचं मोल

१९६८ साली बेसबॉलच्या अमेरिकन लीगमधला सर्वोच्च सरासरीचा किताब बोस्टन रेड सॉक्सच्या कार्ल यस्ट्रेम्स्कीने जिंकला, तो अवघ्या .३०१ या सरासरीवर. म्हणजे हिशेबात धरलेल्या दर हजार पाळ्यांमागे ३०१ हिट. मेजर लीगमध्ये इतक्या कमी सरासरीवर हा मान आजवर दुसऱ्या कुणालाही मिळालेला नाही. त्यामुळे त्या आकड्याला कायमचा उणेपणा चिकटला. हा त्या माणसावर सरळसरळ अन्याय आहे.

त्याच्या शेजारी १९३० सालचा बिल टेरी उभा करून पाहावा. न्यूयॉर्क जायंट्सच्या टेरीने त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये .४०१ ची सरासरी गाठली. त्यानंतर त्या लीगमध्ये कुणालाच चारशेचा टप्पा गाठता आलेला नाही. दोघांत नेमका शंभराचा फरक.

पण १९३० हे वर्षच फलंदाजांचं होतं. पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मंडळींची लटकी फलंदाजी धरूनही सगळ्या नॅशनल लीगची सरासरी .३०३ होती. यस्ट्रेम्स्कीने ज्या आकड्यावर किताब जिंकला, त्याहून जास्त! फिलाडेल्फिया फिलीजच्या संपूर्ण संघाने .३१५ च्या सरासरीने हिट काढले आणि तरीही तो संघ तळाला राहिला, कारण त्यांच्या पिचरांना समोरचे त्याहून जास्त झोडपत होते.

१९६८ मध्ये पारडं उलट बाजूला झुकलेलं होतं. १९६३ साली स्ट्राइक झोन, म्हणजे चेंडू योग्य ठरण्याची चौकट, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत वाढवण्यात आला होता आणि पिचर पंधरा इंच उंचीच्या माउंडवरून चेंडू टाकत होते. सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने नऊ डावांमागे सरासरी १.१२ धावाच दिल्या. डेट्रॉइटच्या डेनी मॅक्लेनने ३१ सामने जिंकले. अमेरिकन लीगची सरासरी .२३० पर्यंत घसरली. तीनशेच्या वर तिथे एकटा यस्ट्रेम्स्की राहिला. दुसऱ्या क्रमांकाचा डॅनी केटर .२९० वर थांबला.

आता भागाकार करावा. टेरी आपल्या लीगच्या सरासरीपेक्षा सुमारे ३२ टक्के वर होता, यस्ट्रेम्स्की सुमारे ३१ टक्के. शंभराचा तो फरक जवळपास नाहीसाच होतो.

इतका साधा भागाकार रुळायला फार वेळ लागला. बेसबॉलच्या आकडेवारीचा पाया घालणारा हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मलेला, क्रिकेटची वार्तापत्रं लिहिणारा पत्रकार. त्याच्यापासून चालत आलेल्या तक्त्यांमध्ये फलंदाजाची सरासरी छापली जाई, पण ती कोणत्या काळात, कोणत्या मैदानावर निघाली याची नोंद तिच्याशी जोडलेली नसे. जॉन थॉर्न आणि पीट पामर यांच्या १९८४ च्या पुस्तकाने लीग आणि मैदान दोन्ही हिशेबात धरणारी मोजणी सामान्य वाचकासमोर ठेवली. आज ओपीएस प्लस नावाचा आकडा सर्रास वापरला जातो. त्यात लीगचा सरासरी फलंदाज म्हणजे १००. बेसवर पोहोचण्याची क्षमता आणि फटक्यांची ताकद दोन्ही त्यात येतात, शिवाय रेड सॉक्सच्या फेनवे पार्कसारखं फलंदाजांना साथ देणारं मैदान असेल तर त्याची वजावटही होते.

ही वजावट सोसूनही यस्ट्रेम्स्कीची कारकिर्दीची नोंद १३० आहे. नुसती सरासरी पाहिली तर .२८५. तेवीस हंगामांपैकी सहाच हंगाम तीनशेच्या वर! त्यांतला १९६७ चा हंगाम विलक्षण होता: .३२६ ची सरासरी, ४४ होमरन, १२१ आरबीआय (त्याच्या फलंदाजीवर संघाला मिळालेल्या धावा). तिन्हींत लीगमध्ये अव्वल, म्हणजे तिहेरी मुकुट, आणि तोही लीगची सरासरी .२३६ असताना. लीगचं अजिंक्यपद ठरवणाऱ्या अखेरच्या दोन सामन्यांत त्याने आठ पाळ्यांत सात हिट काढले.

वय चढल्यावरही तो खेळत राहिला, चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत, त्याच एका संघाकडून. उतरणीच्या त्या हंगामांनी त्याची सरासरी खाली ओढली, पण त्यांनीच ३,४१९ हिट आणि ४५२ होमरनची बेरीजही पुरी केली. तीन हजार हिट आणि चारशे होमरन दोन्ही गाठणारा तो अमेरिकन लीगचा पहिला खेळाडू. १९८९ साली, नाव मतदानाला येताच, त्याला हॉल ऑफ फेममध्ये निवडण्यात आलं.