चिखलातील मोर्चा आणि त्याच्या आठवणी

इ. स. १९०७ च्या ९ फेब्रुवारीस लंडनमध्ये ३,००० हून अधिक स्त्रिया मताधिकाराची मागणी करीत हाइड पार्क कॉर्नरपासून स्ट्रँडवरील एक्झेटर हॉलपर्यंत चालत गेल्या. पावसाने रस्त्यांची जी दशा केली होती, तिच्यावरून या मिरवणुकीस ‘चिखलातील मोर्चा’ हे नाव पडले. तीन दिवसांनी पार्लमेंटचे अधिवेशन उघडावयाचे होते. योजना मिलिसेंट फॉसेट यांच्या नेतृत्वाखालील सनदशीर मताधिकार-संघाची होती. तपशिलाची सारी व्यवस्था फिलिपा स्ट्रेची यांनी पाहिली.

या घटनेचे राजकीय फळ शून्यवतच होते. डिकिन्सन यांचे विधेयक ८ मार्च रोजी चर्चेतच वेळ संपवून मतास न टाकता गुंडाळण्यात आले. तरीही मताधिकार-चळवळीच्या इतिहासकारांनी या मोर्चास मोठे स्थान दिले आहे. ते का, याचा उलगडा त्यात चाललेल्या स्त्रियांच्या मनःस्थितीकडे पाहिल्यावाचून होत नाही. १८६६ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल यांनी स्त्रियांचा पहिला मोठा अर्ज पार्लमेंटपुढे ठेवला, तेव्हापासून चाळीस वर्षे ही चळवळ मुख्यतः अर्ज आणि सभा यांवरच चालली होती. अर्जावर घरात बसून सही करता येते. भर रस्त्यातून चालणे ही निराळी गोष्ट होती. कुलीन स्त्रीने वाटेवरच्या गर्दीच्या नजरेस आपण होऊन पडावे, ही कल्पनाच त्या काळी लाजिरवाणी मानली जात होती. मिरवणुकीच्या अखेरीस काही घोडागाड्या व मोटारीही होत्या. म्हणजे चालण्याच्या या कसोटीतून सर्वच सहभागी स्त्रिया सारख्या गेल्या नाहीत.

रे स्ट्रेची यांनी ‘द कॉज’ या ग्रंथात या भीतीचे मार्मिक वर्णन केले आहे. आपली नोकरी जाईल, लौकिकास बट्टा लागेल, लोक हसतील, असे अनेकींना वाटत होते. प्रत्यक्षात रस्त्यावरची पोरे आणि क्लबांच्या खिडक्यांतील गृहस्थ हसले, त्यापलीकडे काही घडले नाही, असा त्यांचा निर्वाह आहे.

हा निर्वाह मात्र जपूनच स्वीकारला पाहिजे. ‘द कॉज’ प्रसिद्ध झाला १९२८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाला त्याच वर्षी. विजयानंतर मागे वळून पाहणाऱ्यास पूर्वीचे भय लहान दिसते. शिवाय जिची नोकरी खरोखर पणास लागली होती, ती शिक्षिका किंवा गिरणीकामगार स्त्री आणि ग्रंथ लिहिण्याइतकी सवड व प्रतिष्ठा असलेली स्त्री या सहसा एक नसतात. काही घडले नाही, हे एकीचे म्हणणे दुसरीच्या वतीने ग्राह्य धरता येत नाही. भय होते, ही साक्ष मात्र अधिक भरवशाची. कारण यश मिळाल्यावर ते कबूल करण्यात लेखिकेचा काहीच लाभ नव्हता.

पुढील मिरवणुका विशाल झाल्या. १७ जून १९११ च्या मिरवणुकीत सुमारे ४०,००० स्त्रिया होत्या. तीत साम्राज्याचे दर्शन घडविणाऱ्या विभागात लोलिता रॉय यांच्यासह काही भारतीय स्त्रियाही चालल्या. त्यांचे छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात साड्या दिसतात, फलक दिसतो. पण लंडनच्या त्या गर्दीतून, त्या विभागात, चालताना त्यांना काय वाटले असेल, याविषयी ते छायाचित्र मूकच राहते.