स्वतःचा फोटो ब्लॉग: सुरू कसा करायचा, वाढवायचा कसा आणि जपायचा कसा?

मोबाईलचे कॅमेरे चांगले झाले आणि आपल्यापैकी बरेच जण मनापासून फोटो काढायला लागले. गड-किल्ले, पावसाळी ट्रेक, गावची जत्रा, अंगणातले पक्षी. पण हे फोटो शेवटी जातात कुठे? व्हॉट्सॲप स्टेटसला, नाहीतर इन्स्टाग्रामवर. स्टेटस २४ तासांत गायब होतं, आणि इन्स्टाची पोस्ट चार दिवसांत नव्या पोस्टखाली गाडली जाते. वर्षभराने कुणाला तोच फोटो शोधायचा असेल, तर सापडणं अवघडच.

यावर जुना पण पक्का उपाय म्हणजे स्वतःचा फोटो ब्लॉग. तो नीट चालवायचा तर तीन गोष्टी आपल्या हातात हव्यात: ब्लॉगचा पत्ता, मूळ फोटो आणि फोटोसोबतचे शब्द. एकेक बघूया.

दुसऱ्याच्या घरात किती दिवस?

मोफत सेवा कायम तशाच राहत नाहीत. पिकासा गूगलने २०१६ मध्ये गुंडाळलं. फ्लिकरने २०१८ मध्ये मोफत खात्यांवर १००० फोटोंची मर्यादा जाहीर केली. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद झालं. गूगल फोटोजमधली अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून थांबली आणि सगळं मिळून १५ जीबीचा हिशोब लागू झाला. यात कुणी फसवलं असं नाही. धंद्याची गणितं बदलतात, एवढंच.

म्हणून सुरुवात मोफत ब्लॉगरवर किंवा वर्डप्रेसवर करा, पण जमेल तेव्हा स्वतःचं डोमेन घ्या. डोमेन म्हणजे तुमच्या ब्लॉगचा पत्ता. उद्या ब्लॉगर सोडून दुसरीकडे गेलात तरी पत्ता तोच राहतो आणि वाचक हरवत नाहीत. डोमेन घेताना पहिल्या वर्षाची स्वस्त ऑफर बघून भुलू नका. दुसऱ्या वर्षीचा नूतनीकरणाचा दर आधी बघा.

मराठी शीर्षकाची एक खास अडचण

ब्लॉगरवर मराठीत शीर्षक दिलं की पोस्टच्या लिंकमध्ये ती अक्षरं येत नाहीत. तिथे नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडे दिसतात. वर्डप्रेसवर अक्षरं टिकतात, पण लिंक कॉपी केली की बऱ्याचदा टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. अशी लिंक ग्रुपवर टाकली तर लोकांना स्पॅमच वाटते. उपाय सोपा आहे. पब्लिश करण्याआधी पर्मालिंकमध्ये स्वतः इंग्रजी अक्षरांत छोटं नाव द्या. शीर्षक मात्र मराठीतच ठेवा.

फोटो टाकण्याआधी बारीक करा

१२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० × ३००० पिक्सेल, वजन साधारण ३ ते ५ एमबी. असे १० फोटो एका पोस्टमध्ये टाकले तर वाचकाचा ३०-५० एमबी डेटा जातो. तालुक्याच्या गावी नेटवर्क जेमतेम असेल, तर तो पान उघडण्याआधीच निघून जाईल.

तोच फोटो १६०० × १२०० केला, तर पिक्सेल जवळपास सहावा हिस्सा उरतात. जेपेगची गुणवत्ता ८० च्या आसपास ठेवली, तर फाईल बहुतेक वेळा काहीशे केबीत बसते. मोबाईलच्या स्क्रीनवर फरक कळतही नाही. वेबपी फॉरमॅट वापरलात तर वजन अजून कमी होतं.

पानावरचा सर्वात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा असते. फोटो ब्लॉगमध्ये हा भाग म्हणजे बहुतेकदा पहिला फोटोच. त्यामुळे लेझी लोडिंग, म्हणजे वाचक खाली येईल तसे फोटो लोड करणं, खालच्या फोटोंना लावा. पहिल्या फोटोला नको.

शब्दांशिवाय फोटो सापडत नाही

फोटो इमेज सर्चमध्ये येण्यासाठी फाईलचं नाव, ऑल्ट टेक्स्ट आणि आजूबाजूचा मजकूर यांची मोठी मदत होते. 'आयएमजी २०२३' अशा नावातून काहीच कळत नाही.

एक उदाहरण घ्या. 'सुंदर सकाळ' ही कॅप्शन छान वाटते, पण असं शोधून तुमच्यापर्यंत कोण येणार? त्याऐवजी लिहा: 'राजगडाच्या सुवेळा माचीवरचं नेढं, पहाटेच्या उजेडात.' सोबत कोणत्या वाटेने गेलात, किती वाजता निघालात, कुठे पाणी मिळालं, हे चार ओळींत सांगा. आता हा फोटो ट्रेकला निघालेल्या माणसाच्या कामाचा झाला. ऑल्ट टेक्स्टमध्ये फोटोत काय दिसतं ते साध्या वाक्यात लिहा. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकांना तेच ऐकू येतं.

शब्दांची ताकद बघायची असेल तर 'ह्यूमन्स ऑफ न्यूयॉर्क' बघा. ब्रँडन स्टँटन यांनी २०१० मध्ये तो सुरू केला, तेव्हा कल्पना होती शहरातल्या १०,००० माणसांचे फोटो काढून नकाशावर मांडायची. पुढे ते फोटोसोबत त्या माणसाचं बोलणंही लिहू लागले, आणि तीच त्या ब्लॉगची ओळख झाली.

वाढवायचं कसं?

* एक विषय धरा. 'माझे फोटो' यापेक्षा 'आमच्या तालुक्यातल्या बारवा' हा ब्लॉग लक्षात राहतो.
* वेळापत्रक झेपेल एवढंच ठेवा. महिन्याला दोन पोस्ट, पण नियमित.
* हंगामाच्या आधी लिहा. कास पठारावरच्या फुलांची पोस्ट जुलैतच तयार हवी. ऑक्टोबर संपल्यावर ती शोधणारे कमी.
* जुन्या पोस्टची लिंक नव्या पोस्टमध्ये द्या.
* गूगल सर्च कन्सोल जोडा. लोक कोणते शब्द टाकून आले हे तिथे मोफत कळतं.
* इन्स्टाग्राम सोडू नका. तिथे एक फोटो टाका आणि पूर्ण मालिकेसाठी प्रोफाइलमधल्या लिंकवर बोलवा. कॅप्शनमधल्या लिंकवर क्लिक होत नाही, हे लक्षात ठेवा.

फोटोच्या आत लपलेला पत्ता

प्रत्येक फोटोत एक्झिफ नावाची माहिती असते: तारीख, कॅमेरा, शटर स्पीड आणि लोकेशन चालू असेल तर जीपीएसही. घरच्या गॅलरीतून काढलेला पक्ष्याचा फोटो तुमच्या घराचा पत्ता सांगू शकतो. अपलोड करण्याआधी लोकेशन काढून टाका. घरटी आणि दुर्मिळ वनस्पती यांची नेमकी जागा मजकुरातही देऊ नका. आयनॅचरलिस्टसारखी साइट धोक्यातल्या प्रजातींची जागा म्हणूनच धूसर करते. माणसांचे जवळून फोटो घेताना विचारा. लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारल्याशिवाय टाकूच नका.

हक्क कुणाचा?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटोचा हक्क सहसा काढणाऱ्याचा असतो आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर हक्क त्या ग्राहकाचा होतो. म्हणजे लग्नाच्या ऑर्डरचे फोटो ब्लॉगवर टाकायचे असतील, तर आधीच लेखी ठरवून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं: मूळ फोटो

ब्लॉगर किंवा वर्डप्रेसमधून एक्सपोर्ट केलेल्या फाईलमध्ये मजकूर येतो, फोटोंच्या मात्र फक्त लिंका येतात. जुना ब्लॉग बंद पडला की त्या लिंकाही मेल्या. म्हणून ३-२-१ हा नियम पाळा: फोटोंच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ घराबाहेर. फोन, घरची हार्ड डिस्क आणि क्लाउड एवढं पुरे. कॅप्शनचा मजकूरही फोटोसोबत त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

आज अर्धा तास काढा. गॅलरीतून एकाच विषयाचे १० फोटो निवडा, त्यांना नीट नावं द्या, प्रत्येकाखाली दोन ओळी लिहा आणि मूळ प्रती दुसरीकडे उतरवून ठेवा. तुमची पहिली पोस्ट इथेच जवळपास तयार झाली.